आधी रबर, मग शॉकअप: जुन्या ऑक्टेव्हिया आरएसच्या सस्पेन्शनच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, धुळे

गाडी: स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, २००४. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस, पाच गिअर, ताकद पुढच्या चाकांना. चार दारं आणि प्रचंड डिकी असल्यामुळे घरात कोणालाच ही स्पोर्ट्‌स कार वाटत नाही, आणि ते माझ्या पथ्यावर पडतं. इंजिन-टर्बोचं काम गेल्या वर्षी उरकलं. यंदा खालची बाजू.

तक्रारी आधीच लिहून ठेवतो, म्हणजे काम झाल्यावर नेमकं काय सुधारलं ते ताडून बघता येईल. खड्ड्यातून गेली की पुढून उजवीकडे कोरडा ‘ठक’. जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग एका अंगाला ओढतं आणि ब्रेक सोडला की परत सरळ होतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंगमधून ‘टुंग’ असा तारेसारखा आवाज. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे पारोळ्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० च्या आसपास मागचा भाग डोलत राहतो. एक उंचवटा ओलांडला तरी गाडी दोन-तीन झोके घेते, मगच शांत होते. वेग वाढवला तर उलट कमी डोलते. हे शेवटचं कोडं मला जास्त छळतंय.

बजेट टायर सोडून साठ हजार. भाचा म्हणतो, मामा, एवढ्यात कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र संच) येतात. येतात, खरं आहे. पण कोणते, हा प्रश्न उरतोच.

१७ नोव्हेंबर

निवडणुकीचा हंगाम. नानांच्या गॅरेजात प्रचाराच्या बोलेरो आणि स्कॉर्पिओंची रांग, सगळ्यांच्या टपावर भोंगे. त्यातून नानांनी संध्याकाळी तासभर काढला आणि गाडी रॅम्पवर घेतली.

नानांनी आधी काहीच उघडलं नाही. लांब पहार घेतली, पुढच्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा हात) मागच्या बुशजवळ (सांध्यातलं रबर) टेकवली आणि हळूच दाबली. आर्म बोटभर सरकला. बुशच्या रबरात मुळातच दोन पोकळ्या ठेवलेल्या असतात, खड्ड्याचा दणका केबिनमध्ये येऊ नये म्हणून. वीस वर्षांत त्या पोकळ्यांच्या कडा फाटत फाटत रबर आतल्या नळीपासून सुटलंय. ब्रेक मारला की चाक मागे सरकतं, चाक सरकलं की टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो, आणि म्हणून स्टिअरिंग ओढतं. म्हणजे ब्रेकचा दोष समजून मी ज्याच्याकडे बघत होतो तो दोष रबराचा निघाला.

‘ठक’ लिंक रॉडचा (गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याला, म्हणजे अँटी-रोल बारला, जोडणारी काडी). हाताने हलवला तर त्याचा बॉल सांध्यात खुळखुळतोय. ‘टुंग’ वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगचा. बेअरिंग गंजून जाम झालं की स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग मोकळी फिरत नाही, पीळ साठत जातो आणि एकदम सुटतो.

मागचे शॉकअप बघितले तर डावा एका कंपनीचा, उजवा दुसऱ्याच. आधीच्या मालकाने गळलेला तेवढा एक बदललेला दिसतो. डाव्यावर तेलाचा ओघळ, त्यावर धुळीचा थर.

स्प्रिंगा मात्र मूळच्याच. नानांच्या पोऱ्याने रॉकेलमध्ये बुडवलेला टूथब्रश घेऊन एक कड घासली, तेव्हा काळ्या मळाखालून रंगाचे ठिपके वर आले. कारखान्यात प्रत्येक वजनगटाच्या आणि मॉडेलच्या स्प्रिंगला अशी रंगखूण करतात. दोन्ही बाजूंचे ठिपके जुळले. आरएसच्या स्प्रिंगा साध्या ऑक्टेव्हियापेक्षा मुळातच कडक आणि थोड्या बसक्या असतात, त्यामुळे त्या शाबूत आहेत ही आजची सगळ्यात चांगली बातमी.

निघताना नाना म्हणाले, “भाऊ, गाडीनी कंबर गयी. पह्यले रबर बदला, मंग बाकीनं देखूत.”

२४ नोव्हेंबर

निकाल लागले, भोंगे उतरले, आता शांतपणे हिशोब.

माझ्यासमोर चार वाटा आहेत. पहिली स्वस्त कॉइलओव्हरची: साठ-पासष्ट हजारांत चारही, उंची फिरवून कमी-जास्त करता येते. दुसरी ३० मिलिमीटर बसक्या स्प्रिंगा आणि आहेत तेच शॉकअप. तिसरी बिलस्टाइन बी६ आणि मूळ स्प्रिंगा. बी६ हा एकनळीचा, जास्त दाबाच्या गॅसचा शॉकअप, मूळ उंचीसाठीच केलेला (बसक्या स्प्रिंगांसाठी त्यांचाच आखूड बी८ असतो, दोघांत गल्लत नको). मला चारचा भाव लाखाच्या घरात मिळाला. चौथी वाट म्हणजे झॅक्स कंपनीचे मूळ दर्जाचे शॉकअप, मूळ स्प्रिंगा आणि सगळं रबर नवं.

स्प्रिंग कडक केली की गाडी ‘स्पोर्टी’ होते हे आपण सगळे मनात धरून चाललेलो असतो. आकडे मांडून बघू. पुढच्या एका चाकावर गाडीचं अंदाजे ३७० किलो वजन तोललेलं आहे. रस्त्यावर वापरायच्या बऱ्या गाडीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण १.३ वेळा वरखाली होईल अशी ठेवतात. त्यासाठी चाकापाशी मिलिमीटरमागे सुमारे २५ न्यूटन ताठरपणा लागतो, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला अडीच किलो. ट्रॅकवर पळवायच्या गाडीसारखे सेकंदाला २ झोके हवे असतील तर तोच आकडा ५८ वर जातो. दुपटीहून जास्त. ताठरपणा झोक्यांच्या गतीच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो, त्यामुळे थोडी ‘स्पोर्टी’ गाडी करायला बरीच कडक स्प्रिंग लागते. आणि ती स्प्रिंग आवरायला तितकाच दमदार शॉकअप लागतो. स्वस्त कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग कडक असते, आतला शॉकअप मात्र नावापुरता. विकताना दिसतात त्या रंगीत स्प्रिंगा आणि चकचकीत आटे. आतला, तेल अडवणारा वॉल्व्ह कोणाला दिसतो?

बसक्या स्प्रिंगांची अडचण वेगळी. ३० मिलिमीटर खाली आणलं म्हणजे बंप स्टॉपपर्यंतचा (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की टेकतो तो ठोकळा) प्रवास तेवढ्याने घटला. आपल्याकडे गावागणिक रंग न मारलेले गतिरोधक, त्यात पाच माणसं बसलेली आणि डिकीत रावेरच्या केळीचा घड. शिवाय पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटची (शॉकअपच चाकाला वरून धरतो ती रचना) एक खोड आहे. लोअर आर्म आडवा किंवा किंचित खाली झुकलेला असतो तोवर ठीक. गाडी बसवली की आर्मचं बाहेरचं टोक वर जातं आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर वजनाच्या मध्यापेक्षा जास्त वेगाने खाली उतरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलायला लांब तरफ मिळते. गाडी दिसायला बसकी, पण वळणावर कलायला आधीपेक्षा तयार, असं होऊ शकतं. मग ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग. हे चक्र थांबत नाही.

दुसरी वाट आजच बाद. पहिली मनातून उतरली आहे, भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

१ डिसेंबर

ते ८० च्या वेगाचं कोडं आज सुटलं असं वाटतंय.

इकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. कपाशीला ती मानवते, रस्त्याला नाही. वर कितीही छान डांबर टाका, खालची माती जागोजाग वेगवेगळी फुगते आणि काही वर्षांत रस्त्याला लांब लाटा येतात. खड्डा एकही नसतो, पण सपाट जागाही नसते. आज एका गावरस्त्यावर उतरून दोन उंचवट्यांमधलं अंतर पावलांनी मापलं, साधारण सतरा मीटर भरलं. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. सतरा मीटरची लाट २२ मीटरच्या वेगाने ओलांडली की गाडीला सेकंदाला १.३ धक्के बसतात. आणि बॉडीची स्वतःची लय तीच, १.३! पाळणा नेमका त्याच्या लयीत ढकलावा तसं रस्ता गाडीला ढकलतोय. वेग वाढवला की लय चुकते, म्हणून गाडी शांत होते.

आता इथे कडक स्प्रिंग काय करेल? लय २ वर नेली तर हाच झोका ताशी १२० च्या पुढे येईल. म्हणजे दुखणं बरं होणार नाही, फक्त जास्त धोक्याच्या वेगाला सरकेल. झोका मारायचं काम शॉकअपचं. त्यातही दाबला जाताना होणाऱ्या विरोधापेक्षा परत उघडताना होणारा विरोध, म्हणजे रिबाउंड, जास्त कामाचा. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत उघडतानाचा विरोध दाबतानाच्या दुपटी-तिपटीने ठेवलेला असतो. खड्ड्यात चाक पटकन वर जाऊ द्यायचं, पण स्प्रिंगने साठवलेली ताकद बॉडीला उसळवण्याआधी आवरायची.

म्हणजे आपल्या रस्त्यांसाठी मूळ स्प्रिंग आणि दमदार शॉकअप. तिसरी किंवा चौथी वाट.

बी६ चांगला यात वाद नाही. एकनळी शॉकअपमध्ये तेल आणि गॅस यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, तेलाला फेस येत नाही, उष्णता थेट बाहेरच्या नळीतून निघून जाते. जळगाव-भुसावळचा मे महिना डोळ्यांसमोर आणला तर हा मुद्दा लहान नाही. पण घिसलेल्या शॉकअपवरून नव्या झॅक्सवर जाताना जेवढा फरक पडेल, त्याच्या मानाने झॅक्सवरून बी६ वर जाताना पडणारा फरक थोडा आहे, आणि त्याला पैसे तिपटीहून जास्त. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्येही कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला असला की फेसाची तक्रार बरीच आटोक्यात राहते. ठरलं: झॅक्स, आरएसच्या स्पोर्ट सस्पेन्शनसाठीचे, साध्या ऑक्टेव्हियाचे नाहीत. मागवताना हे तीनदा सांगायचं.

८ डिसेंबर

सुटे भाग.

लोअर आर्मच्या मागच्या बुशसाठी एक स्वस्त आणि हुशार तोड आहे. ही ऑक्टेव्हिया, चौथी गोल्फ, पहिली ऑडी टीटी ही सगळी एकाच सांगाड्यावरची भावंडं. टीटीला त्याच जागी, त्याच मापाचा, पण पोकळ्या नसलेला भरीव रबराचा बुश येतो. तो इथे जसाच्या तसा बसतो. जोडीला ३,१०० रुपये. ब्रेक मारताना चाक मागे सरकणं कमी, स्टिअरिंग नेमकं. बदल्यात खड्ड्याचा आवाज थोडा जास्त ऐकू येतो. माझ्या मते पैशाच्या मानाने या गाडीत याच्याएवढा फरक पाडणारा दुसरा भाग नाही.

जळगावच्या एमआयडीसीतला एक ओळखीचा लेथवाला म्हणाला, पॉलियुरेथेनचे बुश ओतून देतो, आयुष्यभर बघायला नको. पुढच्या आर्मला एकवेळ चालतील, पण मागच्या बीमला नको म्हणून सांगितलं. मागे दोन्ही चाकांना जोडणारा, पिळला जाणारा बीम आहे आणि त्याचे दोन मोठे बुश मुद्दाम असे घडवलेले असतात की वळणावर बीम आडवा ढकलला गेला तरी चाकांची दिशा बिघडू नये. तिथे सगळ्या दिशांना सारखंच कडक काही घातलं की कारखान्यातली ती युक्ती मेली. शिवाय बीमला पिळायला जागा लागते. कडक बुश आखडून धरतो आणि आखडलं की करकरतं.

पहिलं पार्सल आलं आणि परत गेलं. मुंबईच्या एका दुकानदाराने झॅक्सच्या खोक्यात भलतेच शॉकअप पाठवले होते: लेबल तिरकं, नळीवर कोरलेला नंबर नाही, पिस्टनची दांडी पूर्ण दाबून सोडली तर स्वतःहून वर येतच नाही. गॅसचा शॉकअप उभा धरून दाबला आणि सोडला की दांडी सावकाश पण ठामपणे बाहेर यायलाच हवी. पैसे मिळाले, पण भांडून. दुसरीकडून मागवले, चारचे २७,५००. सोबत पुढचे-मागचे माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळटोप्या मिळून ७,२००. बॉल जॉइंट ३,४००, लिंक रॉड २,३००.

बंप स्टॉप आणि धूळटोपीला लोक पैसे वाचवतात. फाटक्या टोपीतून धूळ दांडीवर बसते, दांडी सील कापते, तेल सुटतं. नव्या शॉकअपला जुनी टोपी म्हणजे आमच्या धुळीला आमंत्रण.

१५ डिसेंबर

पार्सलची वाट बघतोय. काल दत्तजयंती, सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आलो, घोडेबाजार बघायला. भावाच्या गाडीने गेलो. आरएसला आत्ता तापीकाठच्या त्या रस्त्यांवर नेणं म्हणजे उरलंसुरलं रबरही तिथेच ठेवून येणं. बाजारात एक म्हातारे घोडा उभा असताना काही बघत नव्हते. त्याला चालवून, चाल बघून मगच दात तपासत होते.

२२ डिसेंबर

थंडी अशी की सकाळी पाना हातात धरवत नव्हता. नानांनी चहाआधी सुरुवात केली.

पुढची बाजू. या गाडीत शॉकअपची नळी चाकाच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) वरून खुपसलेली असते. नकलला मागून एक उभी चीर, आणि एक आडवा बोल्ट ती चीर आवळून नळी पकडून ठेवतो. बोल्ट काढला म्हणून नळी निघत नाही. वीस वर्षांचा गंज तिला सोडत नाही. इथे बरेच मिस्त्री घण घेतात आणि नकलची कड तोडतात. नानांनी आदल्या दिवशी चिरेत तेल सोडून ठेवलं होतं. मग एका जुन्या अ‍ॅलन सॉकेटचं टोक घासून चपटं-लांबट केलेलं हत्यार खिशातून काढलं, चिरेत घातलं आणि पाव वेढा फिरवलं. चीर केसभर फाकली. मग नकल पायाने खाली रेटत, डिस्कला डावी-उजवी हलवत हलवत नळी सुटी केली. सुटताना ‘खट’ झालं, आणि नानांनी लगेच नकलला तारेने बांधलं, ब्रेकच्या रबरी पाइपवर वजन येऊ नये म्हणून.

स्प्रिंग दाबायचे क्लॅम्प समोरासमोर, आणि कोणाचंही तोंड स्प्रिंगच्या रेषेत नाही, हा नानांचा नियम. वरचा नट २१ चा, दांडीच्या टोकाला ७ ची अ‍ॅलन की घालून दांडी धरून ठेवायची. न्यूमॅटिक गन लावून दांडी गरागरा फिरवली तर नव्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी जातं. जुनं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर फिरलंच नाही, आतून तांबड्या भुकटीची धार लागली.

जुना पुढचा शॉकअप मी उभा धरून दाबला. विरोध नाहीच, तळाला गेला आणि तिथेच बसला. अर्ध्या वाटेत तर तो हवेत हलवल्यासारखा वाटत होता. हा अजून बाहेरून कोरडा होता, तेलाचा थेंब नाही. गळत नाही म्हणजे चांगला आहे, असं धरून चालणाऱ्यांना हा दाखवायला हवा.

लोअर आर्मचे बुश दाबायला प्रेस नव्हता. एक जाड आटेदार सळई, दोन वॉशर आणि पाइपचा तुकडा एवढ्यावर नानांनी जुने खेचून काढले आणि टीटीचे आत बसवले. आर्मवरची खूण आणि बुशवरची खूण जुळवूनच, कारण बुश फिरून बसला तर त्याचा उपयोग नाही.

आणि एक गोष्ट नानांना सांगावी लागेल की काय असं वाटत होतं, पण ते आधीच तयार होते. लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावले. चाकं जमिनीवर टेकवून, आत माणूस बसवून, मग खाली शिरून घट्ट केले. रबराचा बुश नळीला चिकटवलेला असतो. आर्म खाली लोंबत असताना आवळला तर गाडी जमिनीवर आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. “बुश खराब निंघना” अशी तक्रार ऐकली की बहुतेक वेळा कारण हेच असतं. कोन मोजून आवळायचे बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात, म्हणून नवे: १,९०० रुपये.

२९ डिसेंबर

मागची बाजू, दोन तासांत संपली. स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्यामुळे स्प्रिंग दाबावीच लागत नाही. बीमचे मोठे बुश पहारीने तपासले. भेगा आहेत पण रबर सुटलेलं नाही. तसेच ठेवले.

मग अलाइनमेंट. या गाडीत पुढे टो जुळवता येतो, मागे जवळपास काहीच नाही. त्यामुळे मागचे आकडे बघायला मागितले, हे कोणी मागत नाही. मागचा टो मर्यादेत निघाला, म्हणजे बीम वाकलेला नाही. जुन्या गाडीत ही खात्री करून घ्यायला हवी. मजुरी ७,०००, अलाइनमेंट १,१००.

एकूण ५३,५००. साठ हजारांतून उरले ते टायरकडे.

५ जानेवारी २०२५

कन्नड घाट. चाळीसगावहून पहाटे निघालो. सरकारी कागदांत अजून औट्रम घाट असंही नाव दिसतं, ज्या औट्रमने इंग्रजी अमलात खान्देशात भिल्ल कोअर (भिल्लांची पलटण) उभी केली तोच. घाट वळणांचा आहे आणि सकाळी रिकामा असतो, पण सार्वजनिक रस्ता आहे. मी वेग मापायला नाही, गाडी काय सांगते ते ऐकायला गेलो होतो.

ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात स्थिर. हे सगळ्यात आधी जाणवलं, आणि हा टीटीच्या बुशचा गुण. वळणावर गाडी कलते, अजूनही कलते, पण एकदाच कलते आणि तिथे थांबते. आधी कलून, मग आणखी थोडी बसून, मग सावरायची. कलण्याचं माप तेच आहे (स्प्रिंगा त्याच, अँटी-रोल बार तोच), बदलली आहे ती कलण्याची गती, आणि चालवणाऱ्याला विश्वास देते ती गतीच.

लाटांचा रस्ता परतीच्या वाटेवर. ८०, मुद्दाम ८०. उंचवटा, एक झोका, शांत. भाचा शेजारी होता, काही बोलला नाही, फक्त फोन खिशात ठेवला.

टीटीच्या बुशमुळे छोट्या खडबडीत डांबरावर स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर वाढली आहे. मला चालते. बायकोने विचारलं, “एवढे पैसे घालून आवाज वाढवून आणला?”

१९ जानेवारी

संक्रांतीनंतरचा रविवार. भाच्याच्या मित्राची जुनी हॅचबॅक नानांकडे आली आहे. स्प्रिंगा ग्राइंडरने कापलेल्या, पुढून दीड वेढा गायब. दिसते झकास.

स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. कामाच्या सहा वेढ्यांतून दीड कापला की राहिलेली स्प्रिंग एक तृतीयांश जास्त कडक होते. त्यातून लांबी इतकी कमी की चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग बैठकीतून सुटी होते आणि परत बसताना कुठे बसेल सांगता येत नाही. या गाडीत ती तिरकी बसून टायरच्या आतल्या बाजूला घासत होती. कापलेलं टोक सपाट नाही, बैठक सपाट आहे, त्यामुळे सगळा भार एका कडेवर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि अपघात झाला तर विमावाला पहिली नजर तिथेच टाकेल. कायद्याचं सोडा, मी त्या गाडीत चौकापर्यंतही बसणार नाही.

तारेची जाडी हा दुसरा खेळ. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १२.५ ची घेतली, बाकी सगळं तेच, तरी स्प्रिंग जवळपास १८ टक्के कडक. म्हणून डोळ्यांनी सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगा भंगारातून जोडीने आणू नयेत.

भाचा आता मागच्या अँटी-रोल बारवर आलाय. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत मागचा दांडा जाड केला की नाक वळणाबाहेर पळण्याची सवय कमी होते, हे खरं. दांड्याने एकूण वजनाची सरकासरक कमी होत नाही, फक्त तिची वाटणी बदलते, मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त बोजा येतो. कोरड्या, स्वच्छ ट्रॅकवर मजा. पण आपल्याकडे वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती पसरलेली असते. तिथे भरवळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सुटू शकतो. वेगाच्या हौसेपायी मी मागचा भाग हलका करून ठेवणार नाही. भाचा म्हणतो, मामा म्हातारे झाले. असू दे.

९ फेब्रुवारी

टायर. जुन्या टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे ३२१५, म्हणजे २०१५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण नख दाबलं तर खूण उमटत नव्हती. इथल्या उन्हात रबर झिजायच्या आधी कडक होतं.

माप तेच ठेवलं, २०५/५५ आर १६. दुकानदार १७ इंची रिमचा आग्रह धरत होता. २०५/५० आर १७ घेतलं तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण टायरची भिंत ११३ वरून १०२ मिलिमीटरवर येते. सस्पेन्शनमध्ये जो मऊपणा राखायला एवढा खटाटोप केला तो रिमच्या शोभेसाठी का द्यायचा? आणि खड्ड्यात वाकलेली रिम सरळ करायला इथे शहाणं दुकान नाही.

हवा थंड टायरला, सकाळी, स्वतःच्या गेजने. पंपावरच्या काट्यावर माझा भरवसा नाही.

१६ मार्च

ऊन चढलं. होळी झाली. गाडी परत रॅम्पवर, हजारभर किलोमीटरनंतरची तपासणी. सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पाहिले, पुढच्या डाव्या लिंक रॉडचा नट किंचित हलला, बाकी जागच्या जागी. नवे शॉकअप कोरडे. टायरची झीज चारही बाजूंना सारखी, हात फिरवला तर कुठे पायऱ्या लागत नाहीत.

मागच्या बीमच्या बुशच्या भेगा मागच्या फोटोशी ताडून पाहिल्या. उजवीकडची थोडी पुढे गेली आहे. नानांचं म्हणणं पावसाळा काढेल. मूळचेच बुश मागवायचे, बीम खाली उतरवावा लागेल, दोन दिवसांचं काम आणि गंजलेले बोल्ट. जूनच्या आधी नको, मे महिन्यात त्या पत्र्याखाली कोणी काम करू शकत नाही. दसऱ्याच्या आसपास ठरवलं आहे.

नानांनी स्वतः एक फेरी मारली, मोराणेपर्यंत. परत आल्यावर खिडकीतून डोकं काढून: “आते चालस. पन भाऊ, ते ड्रायव्हरनं सीट हालस, ते कव्हा करनार?”

सीटच्या रुळाचे बोल्ट उद्या.